नागपूर : अजब बंगला, झिरो माईल आणि आसपास. मुलाला आणि सासऱ्यांना घेऊन दोन दिवस कसे घालवू?

धंतोलीची लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर धंतोलीचं, लग्नानंतर पुण्यात. आई-बाबा गेल्यावर तिथलं घर बंद झालं आणि नागपूरला येणं लग्नकार्यापुरतं उरलं. या दिवाळीनंतर मात्र ठरवून येतेय. सोबत चौथीतला मुलगा आणि सासरे. सासरे साताऱ्याकडचे, वय ७६, नागपूर कधी पाहिलेलंच नाही. गुडघे दुखतात, पण वाचन दांडगं आणि प्रश्न विचारायची हौस नातवापेक्षा जास्त.

नागपूरला चाललोय म्हटलं की इकडे पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मग ताडोबा करणार असाल." ताडोबा आहेच, पण मला या दोघांना माझं शहर दाखवायचंय. बाबा मला रविवारी सायकलच्या दांड्यावर बसवून अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयात, न्यायचे. पक्ष्यांच्या दालनात एकेका पक्ष्याचं आपल्याकडचं नाव सांगायचे. मी काचेला नाक लावायचे आणि काचेवर वाफ धरायची. ती वाफ अजून डोळ्यासमोर आहे, पक्षी मात्र सगळे विसरले.

दोन पूर्ण दिवस हातात आहेत. अजब बंगला, झिरो माईल, रामन विज्ञान केंद्र, दीक्षाभूमी एवढं डोक्यात आहे. क्रम कसा लावू? आणखी काय बघण्यासारखं आहे? मुलाला कंटाळा येऊ नये आणि बाबांची (सासऱ्यांना बाबाच म्हणते) दमछाक होऊ नये.

सिव्हिल लाइन्सकर

ताई, या या. सगळ्यात आधी एक, सोमवारी अजब बंगला बंद असतो. बरीच पाहुणेमंडळी रविवारी पोचतात, सोमवारी फाटकापर्यंत जातात आणि हिरमुसून परत येतात.

गाडी आणू नका, मेट्रोनं या. ऑरेंज लाइनवर सीताबर्डीनंतर लगेच 'झिरो माईल फ्रीडम पार्क' स्टेशन आहे. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, काकांना त्रास नाही. खाली उतरलात की समोर झिरो माईलचा खांब. बहुतेक लोक चार घोड्यांसोबत फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही तसं करू नका, खांबाजवळ जाऊन वाचा. गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९. मुलाला वही द्या आणि मैलांचे किलोमीटर करायला लावा, पंधरा मिनिटं सहज जातात.

हा अखंड हिंदुस्थानचा मध्यबिंदू, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ते पक्कं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मुलाला तसं ठासून सांगू नका. १९०७ सालची सर्वेक्षणातली उंचीची खूण म्हणून मात्र त्याचं मोल खरं आहे. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा आकडा! समुद्र इथून शेकडो मैल लांब. तिथपासून टप्प्याटप्प्यानं दुर्बिणी लावत, पट्ट्या उभ्या करत माणसं ही उंची मोजत इथवर आली. मला तरी मध्यबिंदूच्या कथेपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

त्याच परिसरात गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाचे ११४ जण मारले गेले, त्यात बायका-मुलं होती. दोन मिनिटं थांबा. आमच्या घरी कुणी पाहुणा आला की मी त्याला तिथे नेतोच.

मग रिक्षानं विधानभवन आणि हायकोर्ट बाहेरून. हायकोर्टाची इमारत हेन्री मेड यांच्या आराखड्यावर उभी राहिली, १९४० ची. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं हे बाबांना सांगा, म्हणजे एवढे रुंद रस्ते आणि एवढे मोठे बंगले कशासाठी ते कळेल.

पिंटू_सदर

ताई, अजब बंगल्याला अर्धा तास पुरे. पेंढा भरलेले प्राणी आणि मूर्ती आहेत. आजकालच्या मुलांना बटणं दाबायला लागतात, त्यामुळे सरळ रामनला न्या. तारांगणाचा खेळ आणि बाहेरच्या बागेतली खेळणी धरून पोराचा अख्खा दिवस तिथेच जातो.

निवृत्त_मास्तर

पिंटू, रामनबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. १९९२ साली केंद्र सुरू झालं आणि १९९७ ला तारांगण. तेव्हापासून मी दरवर्षी वर्ग घेऊन गेलो. स्वतः रामन तरुणपणी हिशेब खात्यात नोकरीला असताना काही काळ नागपुरात राहिले होते, हेही मुलांना सांगण्यासारखं. पण अजब बंगल्याला अर्धा तास हे मला मान्य नाही. जरा सविस्तर लिहितो.

ताई, तीस वर्षांहून जास्त काळ मी मुलांना अजब बंगल्यात नेलं. पहिली दोन-तीन वर्षं सगळी दालनं दाखवायचो. मुलं ओळीनं चालायची, ओळीनं बाहेर यायची आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकच उत्तर, "वाघ होता सर." मग मी पद्धत बदलली. एका फेरीत चार वस्तू, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वस्तूपाशी आधी नुसतं बघायचं, मग वहीत काढायची, आणि त्यानंतर मी तिची गोष्ट सांगणार. मुलांच्या डोक्यात वस्तू राहायला लागल्या. तुमच्यासाठी चार वस्तू सुचवतो.

पहिली, गुंगेरियाची तांब्याची हत्यारं. १८७० साली बालाघाटकडच्या गुंगेरिया गावात गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. तिथे खोदलं तर तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. चांदीत गोल चकत्या आणि बैलाच्या शिंगं असलेल्या डोक्याच्या आकाराचे पातळ तुकडे. हा ठेवा पुढे फुटला. काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही कोलकात्याला, आणि काही वस्तू आपल्याकडे राहिल्या. दालनात दिसल्या नाहीत तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. तांब्याची ती चपटी कुऱ्हाड बघा आणि मुलाला विचारा, "एवढ्या चारशे कुऱ्हाडी कुणी आणि कशासाठी पुरल्या असतील?" उत्तर देऊ नका, त्याला बोलू द्या.

दुसरी, जीवाश्म. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, हिस्लॉप कोण हे फार थोड्यांना. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घेतली, आणि फावल्या वेळात हातोडी घेऊन दगड फोडत हिंडले. आपल्या टाकळीच्या दगडात त्यांना आणि त्यांचे सहकारी हंटर यांना गोगलगायी आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. लाव्हाचा एक थर पसरला, थंड झाला, वर तळं साचलं, तळ्यात गोगलगायी वाढल्या, आणि मग लाव्हाचा पुढचा थर आला. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची ही घटना. ज्या टाकळीतून लोक आज रोज कामावर जातात, तिथे हे तळं होतं.

हिस्लॉप गेले सप्टेंबर १८६३ मध्ये. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला दगडी वर्तुळांचं खोदकाम बघून घोड्यावरून परतत होते. पावसाचे दिवस, नाल्याला पूर, त्यात बुडाले. आणि १८६३ हेच आपल्या संग्रहालयाच्या स्थापनेचं साल. त्यांनी टिपून ठेवलेले कागद चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ ला छापले. टेंपल यांच्याच काळात अजब बंगला उभा राहिला. ही गोष्ट वर्गात सांगितली की पोरं एकदम गप्प व्हायची.

तिसरी वस्तू शस्त्रांच्या दालनातली, मुलाला निवडू द्या. चौथी तुमच्या बाबांना निवडू द्या. शिल्पांपाशी ते रमतील. मनसरला सापडलेली शिवाची प्रसिद्ध मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण वाकाटक राजांचा हा मुलूख रामटेक-नगरधनपर्यंत पसरलेला आहे आणि त्याची ओळख इथूनच सुरू होते.

बाकी सगळं सोडून द्या. पुन्हा याल तेव्हा पुढचे चार.

सिव्हिल लाइन्सकर

सर, शस्त्रांवरून आठवलं. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली आणि राज्य सरकारनं ४७.१५ लाखांना घेतली. पातं युरोपी बनावटीचं, म्हणून 'फिरंग'. पात्यावर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग' अशी अक्षरं. शस्त्रांच्या दालनात उभं राहिलं की मला तीच आठवते. बंगाल-ओडिशापर्यंत धडक मारलेल्या माणसाची तलवार शेवटी पैसे मोजून घरी आणावी लागली. आणली हे फार बरं झालं.

महालवाला

अवो ताई, सगळे तुमाले सिव्हिल लाइन्समंदीच फिरवून रायले. खरं नागपूर इकडे हाय, महालात! पोराले गांधी गेट दाखवून देजा, जुन्या लोकायच्या तोंडी जुम्मा दरवाजाच. भोसल्यायच्या काळात शहराले कोट होता, त्याचा हा दरवाजा. तिथून पायी वाड्याकडे. गल्ल्या अरुंद हाय, पण घरायचे जुने लाकडी खांब, नक्षीचे सज्जे अजून कुठं कुठं दिसते. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवजा. शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीले. भोसले मागून आले. पोराले आधी गोंड राजाचं नाव सांगा, मग बाकीच्यायचं.

तुमी दिवाळीनंतर येऊन रायल्या, तर मारबत चुकली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हंजे बाईचे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. वर्षाचं जे वाईट असन ते बडग्याच्या, म्हंजे संगं निघणाऱ्या दुसऱ्या पुतळ्याच्या, गळ्यात लिहून लटकवायचं आणि "घेऊन जा गे मारबत!" म्हणत मिरवायचं. दोनी मारबती समोरासमोर येते तवा महालात पाय ठेवाले जागा नसते. कोणत्याच संग्रहालयात हे काचेमागं ठेवता येत नाही. पुढच्या वर्षी पोळ्याले या, आमच्या घराच्या गच्चीवरून दाखवतो.

नॅरोगेज

मुलासाठी आणखी एक जागा, मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. मेट्रोनं कडबी चौकात उतरा. जाताना गड्डीगोदामला खिडकीतून खाली बघायला सांगा. सगळ्यात खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावरून आपली मेट्रो. चार मजली वाहतूक!

संग्रहालय २००२ साली सुरू झालं. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली इंजिनं, डबे, सिग्नलचे कंदील, तिकिटांची यंत्रं. मुलांसाठी छोटी गाडी आहे. पण मी वेगळ्या कारणासाठी जातो. माझे आजोबा भिवापूरचे. इतवारी-नागभीड छोट्या गाडीनं ते भिवापुरी मिरचीची पोती घेऊन यायचे आणि सुट्टी संपली की मला त्याच गाडीनं सोडायला यायचे. डब्याच्या लाकडी बाकाला मिरचीचा वास कायमचा बसलेला असायचा, शिंका देत आम्ही उमरेड गाठायचो. गाडी इतकी हळू की वळणावर मागचा डबा खिडकीतून सगळा दिसायचा. ती लाइन २०१९ ला बंद झाली, छिंदवाड्याची त्याआधी २०१५ ला. रूळ रुंद करायचे होते, लोकांच्या सोयीसाठी ते हवंच होतं. पण अडीच फुटांच्या रुळांवरची गाडी म्हणजे काय, हे मुलाला हातानं मोजून दाखवायचं तर आता मोतीबागेतच. रुळाच्या मधे उभं करा आणि दोन्हीकडे पाय टेकवायला सांगा.

इंदोरा_१४

दीक्षाभूमीबद्दल लिहिते. ताई, राहाटे कॉलनी मेट्रो स्टेशनला उतरून रिक्षा करा. दुपारी नको, सकाळी लवकर जा. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसोबत धम्म स्वीकारला. माझी आजी त्यात होती. पांढरं लुगडं मिळालं नाही म्हणून तिनं घरातलं जुनं धोतर धुऊन नेसलं होतं, असं ती सांगायची.

स्तूप बाहेरून सांचीसारखा दिसतो, पण सांचीचा भरीव आणि हा आतून पोकळ. आत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. मुलाला मधोमध उभं करून वर बघायला सांगा. घुमटाखाली बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, त्यामुळे तिथे फोटोची घाई नको, शांत बसा. बाहेर बोधिवृक्ष आहे, श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपांचा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथे पुस्तकांची दुकानं लागतात. लोक खेड्यांतून शिदोरी बांधून येतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं असतात. वाचनाची आवड असलेल्या तुमच्या सासऱ्यांना एकदा त्या दिवसांत नक्की आणा.

आणि वेळ काढता आला तर काटोल रोडच्या बाजूला चिचोलीचं शांतिवन. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे जपल्या आहेत, कपडे आहेत, टाइपरायटर आहे. दीक्षेच्या सोहळ्यासाठी धावपळ करणाऱ्या वामनराव गोडबोल्यांनी या वस्तू मिळवल्या आणि सांभाळल्या. पुतळे आपण गावोगाव बघतो. कोटाची बाही बघितली की मनात येतं, हा माणूस हा कोट घालून काम करत बसला होता.

निवृत्त_मास्तर

काटोल रोडला जाणार असाल तर वाटेत जुनापाणी आहे. हिस्लॉप जी बघायला गेले होते तसली दगडी वर्तुळं, तीनशेच्या आसपास. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी रचलेली. खोदकामात लोखंडी हत्यारं मिळाली आहेत. काही दगडांवर वाटीसारखे खोलगट खड्डे आहेत, त्यांवर बोट फिरवून बघू द्या. पण दगड हलवायचा नाही, एकही उचलायचा नाही, हे आधीच बजावा. गवत माजलेलं असतं, पायात बूट हवेत. तुमच्या सासऱ्यांना मात्र रस्त्याकडेलाच सावलीत बसवा, तिथली जमीन उंचसखल आहे.

झाशीराणी_चौक

संध्याकाळचं कुणी लिहिलं नाही म्हणून. विदर्भ साहित्य संघाचं संकुल झाशी राणी चौक मेट्रोला लागूनच आहे. संघ १९२३ साली अमरावतीत स्थापन झाला. तुम्ही याल तेव्हा काय कार्यक्रम आहे ते वर्तमानपत्राच्या स्थानिक पानात बघून जा, बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो. नाटकासाठी सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह. आमदार निवासासमोरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा शिल्पमेळा थंडीत भरतो. तेव्हा आलात तर दिवसभर विणकर आणि बांबूकाम करणारे कारागीर समोर बसून काम करताना दिसतील, संध्याकाळी लोकनृत्यं. मुलाला कारागिराशेजारी बसवा, ते लोक हौसेनं शिकवतात.

पिंटू_सदर

मास्तर, चार वस्तूंचं पटलं. येत्या रविवारी माझ्या पोरीला तसंच नेतो.

खाण्याचं मी सांगतो. सकाळी तर्री पोहे, बाबांना तर्री वेगळी मागा. चण्याचा रस्सा झणझणीत असतो, साताऱ्याच्या माणसालाही चटका बसेल. दुपारी पाटवडी रस्सा किंवा वडाभात. अंबिया बहाराची संत्री तेव्हा बाजारात आलेली असतील, पिशवी भरून पुण्याला न्या.

धंतोलीची लेक

काल रात्री पुण्यात पोचलो. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि हा वृत्तांत.

पहिला दिवस मंगळवार. झिरो माईलला बाबा खांबाजवळ वीस मिनिटं थांबले. अक्षरं काही ठिकाणी पुसट आहेत, ते बोटानं चाचपून वाचत होते आणि नातू वहीत लिहीत होता. जबलपूर १७० मैल म्हणजे २७४ किलोमीटर, हे त्यानं तिथेच करून दाखवलं.

अजब बंगल्यात मास्तरांचा चार वस्तूंचा नियम पाळला. तांब्याच्या कुऱ्हाडीपाशी मुलानं बराच वेळ काहीच विचारलं नाही. वहीत कुऱ्हाड काढली, आणि शेजारी दोन मुलं आणि एक गाय काढली. मी म्हटलं, गाय तर इथे काचेत नाहीये. तो म्हणाला, "पण सापडली तेव्हा होती ना." त्याच्या तलवारीची निवड करण्यात अर्धा तास गेला. बाबांनी चौथी वस्तू म्हणून एक शिलालेख निवडला, त्यातली चार-पाच अक्षरं त्यांना लागली आणि दिवसभर त्याच आनंदात होते.

नियम मी एकदाच मोडला. पक्ष्यांच्या दालनात एकटीच जाऊन आले. नीलपंखाची 'टाशा', भारद्वाजाचा 'कुंभारकावळा', माझ्या माहेरच्या बाबांनी सांगितलेली दोन नावं तिथे उभं राहिल्यावर आपोआप तोंडात आली. काचेवर वाफही धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमी. इंदोराताई, तुमच्या आजीच्या धोतराची गोष्ट मी आत बसल्यावर हळू आवाजात दोघांना सांगितली. बाबांनी डोळे पुसले. तिथून मोतीबाग. रुळांच्या मधे उभं राहून पाय दोन्हीकडे टेकवून झाले, छोट्या गाडीच्या दोन फेऱ्या झाल्या. रामनला तारांगणाचा शेवटचा खेळ मिळाला. महाल, जुनापाणी आणि चिचोली राहिलं. एका रिक्षावाल्यानं उलट्या दिशेनं फिरवून तास घालवला, नाहीतर महाल तरी झालं असतं. महालवाले दादा, पोळ्याला गच्चीवर येतोच आहोत.

आता एक नवा प्रश्न. मेट्रोतून सीताबर्डीचा किल्ला दिसला आणि मुलानं तो धरून ठेवलाय. आत जाता येतं का?

सिव्हिल लाइन्सकर

येतं, पण किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ठरावीक दिवशीच, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसले आणि इंग्रजांची लढाई याच टेकडीवर झाली. चढ आहे, बाबांसाठी काठी आणा. सकाळी लवकर रांगेत लागलं तर गर्दी कमी.

निवृत्त_मास्तर

२६ जानेवारीला मी असतोच. मुलाला वही घेऊन यायला सांगा.